क्रॉसटॅब हे डेटाबेसचं कामच नाही?

विदा_वेडा:
काल एकाने ठणकावून लिहिलं की क्रॉसटॅब, म्हणजे ओळींतल्या व्हॅल्यूंचे (महिने, शाखा वगैरे) कॉलम करणं, हे फक्त दाखवण्याचं काम, ते एक्सेलमध्ये करा, डेटाबेसकडे मागणारे आळशी. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. मायक्रोसॉफ्टच्या ऍक्सेस डेटाबेसमध्ये नव्वदच्या दशकात यासाठी ट्रान्सफॉर्म-पिव्हट होतं, ज्या व्हॅल्यू सापडतील त्यांचे कॉलम आपोआप. मग एसक्यूएल सर्व्हर २००५ ला पिव्हट आलं तर कॉलमची नावं आधी लिहून द्या, ओरॅकल ११जी ला पण तेच आणि आपोआप हवं असेल तर कॉलमऐवजी एक्सएमएल (खुणांनी बांधलेला मजकूर) घ्या, पोस्टग्रेसमध्ये टेबलफंक हे एक्स्टेंशन टाका आणि वर सगळे कॉलम टाइपसकट (आकडा की मजकूर) लिहा, मायएसक्यूएलमध्ये तर पिव्हट नाहीच. नवीन शाखा उघडली की दरवेळी क्वेरी बदलत बसायचं का?

सातारी_डीबीए:
हो, बदलायची. कॉलम किती आणि कुठले हे क्वेरी चालायच्या आधी माहीत नसेल तर त्यावर व्ह्यू (टेबलसारखी वापरायची साठवलेली क्वेरी) कसा करणार, जॉइन (दुसऱ्या टेबलशी जोड) कशावर लावणार? ऍक्सेसचं कौतुक पुरे. एखाद्या महिन्यात विक्री नसली की तो कॉलमच गायब आणि रिपोर्ट एरर देतो, म्हणून लोक शेवटी पिव्हटच्या ‘इन’ यादीत महिने लिहूनच देतात. सम-केस (प्रत्येक कॉलमसाठी अट घालून बेरीज) लिहा, कुठेही चालतं.

बार्शीकर:
सम-केस हाताने लिहायचं?? आमच्याकडे तालुकावार रिपोर्ट होता, मायएसक्यूएलवर, ग्रुप-कॉनकॅटने (अनेक ओळी जोडून एक मजकूर करणारं फंक्शन) क्वेरीचा मजकूर जोडून तो प्रिपेअर करून चालवायचो. तालुके वाढले आणि एक दिवस सिंटॅक्स एरर. अख्खी रात्र गेली. ग्रुप-कॉनकॅट १०२४ बाइटला कापतं, आणि तालुक्यांची नावं देवनागरीत, म्हणजे एका अक्षरचिन्हाला ३ बाइट! साधी वॉर्निंग देतं फक्त, ती कोण बघतं.

सातारी_डीबीए:
मॅन्युअलमध्ये लिहिलंय. सेशनच्या सुरुवातीला लिमिट वाढवा, एका ओळीचं काम. न वाचता डेटाबेसला शिव्या का?

बार्शीकर:
डिफॉल्टच चुकीचं आहे हो! मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीने १०.२ मध्ये वाढवून १ एमबी केलं ते काय उगाच? रात्री तीनला मॅन्युअल दाखवणारे तुम्ही नव्हता तिथे.

घाटावरची:
मायएसक्यूएल सोडा, पोस्टग्रेसवर या हे सांगायला येणाऱ्यांनी आधी एक ऐका. टेबलफंकचं एका पॅरामीटरचं क्रॉसटॅब वापरलं आणि मधला फेब्रुवारी नसला, तर मार्चचा आकडा सरकून फेब्रुवारीत बसतो. एरर नाही, वॉर्निंगही नाही. आमच्या मीटिंगमध्ये असाच तक्ता साहेबांसमोर गेला होता. बार्शीकरांना निदान एरर तरी आली.

सातारी_डीबीए:
दोन पॅरामीटरचं वापरायचं, त्यात कॉलमची यादी वेगळी देतात. आणि पोस्टग्रेस ९.४ पासून फिल्टर (बेरजेलाच अट लावणारं) आहे, टेबलफंक लागतंच कशाला.

घाटावरची:
मग चुकीचे आकडे गुपचूप देणारं फंक्शन ठेवलंय कशाला?

सातारी_डीबीए:
बरं, हे मान्य, ते धोकादायक आहे. पण पोस्टग्रेसवाल्यांनी ९.६ ला क्रॉसटॅबव्ह्यू आणलं ते पीएसक्यूएल या कमांड टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे क्लायंटमध्ये, सर्व्हरमध्ये नाही. आपोआप कॉलम तिथे होतात. मी तेच सांगतोय, जागा ती.

विदा_वेडा:
पीएसक्यूएलची काळी खिडकी माझ्या अकाउंटंटला देऊ का मी? व्ह्यूचा मुद्दा पटला, तिथे नावं लिहून मागा, माझी ना नाही. पण नुसत्या सिलेक्टला (साध्या, न साठवलेल्या क्वेरीला) काय अडचण? डकडीबी या डेटाबेसने २०२३ मध्ये पिव्हट आणलं, कॉलम स्वतः शोधतं, आणि व्ह्यू करायचा असेल तेव्हा व्हॅल्यू लिहून मागतं. दोन्ही जमतं. बाकीच्यांनी करायचं नाही एवढंच.