ऐन मे महिन्यात अल ऐन: हॉटेल कुठे घ्यावं?

त्रिमूर्तीनगरवाला

नमस्कार मंडळी. बहीण शारजाला असते, मे महिन्यात आईबाबांना घेऊन चाललो आहे. दुबईच्या उंच इमारती पाहून आई दोन दिवसांत कंटाळेल, म्हणून दोन रात्री अबू धाबी अमिरातीतल्या अल ऐन गावी काढायचं ठरवून राहिलो. मुंबईचा मित्र म्हणे, ‘मे महिन्यात वाळवंटात? येडा झाला का?’ आम्ही नागपूरकर दरवर्षी नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, काढतो, त्याला काय सांगू. तर, ओॲसिसजवळचं, म्हणजे तिथल्या खजुराच्या बनाजवळचं, बागवालं हॉटेल घ्यावं की जबल हफीत डोंगरावरचं? आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात, शाकाहारी. दिवसभर खोलीतच बसून राहावं लागेल का?

पक्या धंतोली

रात्री कशाला थांबता? दुबईत अल घुबैबाहून ई-२०१ बस पकडा, सकाळी जा, संध्याकाळी परत. हॉटेलचे पैसे वाचवा अन् काकूंना सोन्याच्या बाजारात न्या.

महालच्या काकू

पक्याचं ऐकू नका बाप्पा. एका दिवसात उरकायला गेलात तर नेमके बारा ते चार रस्त्यावर सापडाल. आम्ही दोघं मागच्या मे महिन्यात तीन रात्री राहून आलो.

ऊन आपल्यासारखंच आहे, कोरडं. दुबईत दाराबाहेर पाय टाकला की चष्म्यावर वाफ धरायची. अल ऐन समुद्रापासून आत आहे, तिथे डोक्याला दुपट्टा बांधला की झालं. उन्हानं काहीच केलं नाही, छळलं ते थंडीनं. खोलीतला एसी १८ वर. दुपारी जेवून पडले ती उठताना गुडघा सरळच होईना. आमचे हे रजईतून म्हणाले, ‘कुडकुडायलाच यायचं होतं तर पासपोर्ट कशाला, डिसेंबरात पचमढी होती ना!’ तुम्ही खोलीत गेल्या गेल्या एसी २५ वर करा आणि आईची शाल हँडबॅगेत ठेवा.

डोंगरावरचं हॉटेल दिसायला झकास. जबल हफीत जवळपास १२४० मीटर उंच आहे, वर हवा जरा बरी आणि रात्री खाली शहराचे दिवे दिसतात. पण दर वेळी ती वळणं उतरायची आणि चढायची. आईला मळमळ होत असेल तर नकोच. एक संध्याकाळ टॅक्सीनं वर जाऊन या, पुरे. मुक्काम खाली, बागवाल्या हॉटेलात, तळमजल्याची खोली मागून.

कार्डाचं सांगून ठेवते. हॉटेलात शिरताना डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवतात. यांनी डेबिट कार्ड दिलं, पैसे सुटायला पंधरा दिवस लागले, तोवर रोज सकाळी मोबाईलमध्ये बँक बघणं. क्रेडिट कार्ड द्या. नाश्त्याला हुमूस, फलाफल, रोटी, फळं, दही. आईचं पोट भरेल. लॉबीत पितळेच्या अरबी किटलीतून वेलचीची फिकी, बिनसाखरेची कॉफी देतात. इवलासा कप रिकामा झाला की वाढणारा परत भरतो. नको असेल तर कप हलवून दाखवायचा असतो. मला ठाऊक नव्हतं. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून चार कप प्यायले, रात्रभर टक्क जागी.

आता ओॲसिस. सकाळी उघडताच आत जा, तिकीट नाही. बाराशे हेक्टरांवर सुमारे १,४७,००० खजुराची झाडं, मधून मातीच्या भिंतींच्या अरुंद वाटा. खाली आंबा, अंजीर, केळी, लिंबं. भर गावात आहे हे, आणि २०११ पासून जागतिक वारसा यादीत. त्यांच्या फलज नावाच्या पाटांतून डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून नुसत्या उतारानं येतं. आता पंपाचंही सोडतात. एका माणसानं बोळा काढून एका वाफ्याचं तोंड उघडलं, तोच बोळा पुढच्या तोंडात कोंबला आणि उभा राहिला. पाणी पाचोळा ढकलत, माती चाखत चाखत झाडाच्या आळ्यात शिरलं. आमचे हे साकोलीकडचे, धानाच्या बांधीत वाढलेले. ते दहा मिनिटं हललेच नाहीत. मग म्हणाले, ‘याची पाळी संपली की शेजाऱ्याची.’ तिथे कोणी सांगितलं नव्हतं. खरंच, पूर्वी तिथे सावली आणि तारे पाहून पाण्याची वेळ वाटून द्यायचे. त्या मुक्कामातलं मला आजही हेच आठवतं, हॉटेलचा पोहण्याचा तलाव नाही.

१८९८ साली पूर्ण झालेला अल जाहिली किल्ला जवळच आहे. आत फोटोंचं प्रदर्शन आहे आणि गारवाही.

त्रिमूर्तीनगरवाला

काकू, खालचंच घेतो. बाबा गोंदियाकडचे, त्या पाटापाशी त्यांना शोधावं लागेल. ताजा खजूर मिळेल का मे महिन्यात?

महालच्या काकू

झाडावर हिरवे घड दिसतील. पिकतो जुलै-ऑगस्टात, आत्ता दुकानात मागच्या हंगामाचा. चांगल्या जातीचं नाव ‘खलास’ आहे, हे आधीच सांगते. आमच्या ह्यांनी दुकानदाराला सगळ्यात चांगला कोणता म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘खलास.’ हे ‘बरं’ म्हणून पिशवी घडी घालून बाहेर.