पाडव्याच्या आधी घर: फॅमिली ग्रुपवरची गोठ

ताई (पुणे): गुड मॉर्निंग सगळ्यांना. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर वसंतात घर फ्रेश कसं करायचं त्याच्या टिप्स फिरतायत, पडदे बदला, कुशनचे कव्हर बदला, वासाच्या मेणबत्त्या लावा, खिडकीत कुंड्या ठेवा वगैरे. वैनी तुम्ही पाडव्याआधी काय काय काढता? मी मुलांना घेऊन येतेय या वेळी, इकडून काही आणू का

वैनी: ये ना बाई. मेणबत्ती नको आणू, दुपारी नुसतं बसवत नाही अन ते कोण लावते. आमचं घर फ्रेश म्हंजे पयले कापूस बाहेर. पुढच्या खोलीत दिवाळीपासून गंजी लागली हाये, भाव वाढन वाढन म्हणत तुह्या भावानं ठेवला, आता पोट्ट्याइच्या अंगाले खाज सुटली तं म्हणते विकतो. ती खोली खाली झाल्याशिवाय मी दुसऱ्या कशालेच हात लावत नाही, रुई उडून साऱ्या घरात येते, पुसलेलं परत पुसत बसा

दादा: सोमवारी गाडी सांगतली हाये

वैनी: मागच्या सोमवारी बी सांगतलीच होती

काकाजी: कापूस जाऊ द्या पण पऱ्हाट्या, कापसाची वाळली झाडं, आंगणातच राहू द्या, वर्षभराचं जळतन हाये ते. गॅस संपला का मंग मलेच शोधता

लहान्या (अकोला): काकाजी पऱ्हाटीचा ढीग घराजवळ नका ठेवू ना. गुलाबी बोंडअळी त्याच उरलेल्या, न उमललेल्या कवडी बोंडात बसून राह्यते अन पुढच्या हंगामात परत आपल्याच वावरात. आमच्या कृषी विद्यापीठात तर हेच सांगतात, फरदड, म्हणजे त्याच झाडांचं लांबवलेलं पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचू नका, रोटाव्हेटरनं बारीक करून जमिनीत घाला नाहीतर बोंडं वेचून जाळा. अन त्या ढिगात इंचू निघते ते वेगळंच

काकाजी: इंचू तं माह्या लहानपणापासून निघून रायले

लहानी काकू: म्हणून ठेवायचे का मंग? मागच्या साली पोट्ट्याचा पाय थोडक्यात वाचला. थोड्या चुलीपुरत्या ठेवा, बोंडं झाडून, त्याबी गोठ्याच्या मांगं

काकाजी: बरं. एक गाडी ठेवतो फक्त

लहानी काकू: मले दुसरं विचारायचं होतं. मधल्या खोलीची भिंत मातीची हाये, तिले ऑइलपेंट मारतो म्हणते आमच्या घरचे, पुसता येते म्हणे. का चुनाच मारू

आत्या (वर्धा): ऑइलपेंट मारू नको गं बाई मातीच्या भितीले. तिले ओल धरायची अन सोडायची सवय असते, वरून पेंटनं तोंड बंद केलं का पावसाळ्यात फुगते अन पापुद्रे निघतात, आमच्या शेजारी झालं हाये. चुना मार. कळीचा चुना आण, अन तो प्लॅस्टिकच्या टपात भिजवू नको, पाणी पडलं का खदखदते अन टप वाकडा होते, लोखंडी ड्रमात भिजव, पोरं दूर ठेव, डोळ्यात गेला तं लय वाईट. रातभर मुरू दे, सकाळी फडक्यानं गाळ, त्यात डिंकाचं पाणी घाल म्हंजे हाताले लागत नाही, भितीसाठी थोडी नीळ. अन उन्हात मारू नको, भर उन्हात मारला तं लवकर सुकते अन भुकटी होऊन पडते. उन्हं उतरल्यावर पयला हात, दुसऱ्या दिवशी भित ओली करून दुसरा

वैनी: आत्या स्लॅबवर बी मारला तं चालते ना

आत्या (वर्धा): तिथंच तं मारायले पायजे पयले. पांढरा स्लॅब ऊन परत फेकते, काळा पडलेला स्लॅब दिवसभर पिते अन राती झोपायच्या टायमाले खाली सोडते. स्लॅबले नीळ टाकू नको, नुसता पांढरा

वैनी: पण कुरड्या कुठं घालू मंग, वाळवण सारं स्लॅबवरच असते माह्यं. चुन्यावर जुनं लुगडं आथरलं तरी कुरडीले चुना लागन

आत्या (वर्धा): बाजेवर घाल, धोतर आथरून. आमी तं सरगुंडे बी बाजेवरच वाळवतो. आंब्याच्या रसाच्या टायमाले सरगुंडे नसले तं माह्या घरचे जेवतच नाही

ताई (पुणे): सरगुंडे!! माझ्या मुलांना माहितीच नाही ते, कणकेचे शेवयांसारखे. मी आले की करून दाखवा ना काडीवर कसे वळतात ते

वैनी: दाखवते ना, त्याइलेच बसवतो करायले

दादा: टिनाचं काय करायचं ते सांगा, मागच्या दोन खोल्या टिनाच्या हाये, तिथं चुना धुऊन जाते एका पावसात

लहान्या (अकोला): पावसाले अजून तीन महिने हाये दादा, तोवर तर टिकते. नुसता चुना टिनाले धरत नाही, फेविकॉल मिसळून मारा. तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, टाकता आल्या असत्या वर, सावली चांगली पडते पण वाळलेली तुराटी म्हणजे एका ठिणगीचं काम, चुलीचा धूर तिकडूनच निघतो आपला

दादा: तुराट्या नको. चुनाच

लहानी काकू: कूलर काढला का कोणी. आमचा काढला तं ताट्या, त्या बाजूच्या गवताच्या जाळ्या, काळ्या पडल्या अन वास येऊन रायला

लहान्या (अकोला): ताट्या दरवर्षी बदलाच, गवताच्या हंगामभरच टिकतात. हनीकोंबच्या जास्त टिकतात पण महाग, अन आपल्या बोअरच्या पाण्यानं क्षार जमून त्याची भोकं बुजतात. मी तर गवताच्याच घ्या म्हणतो, थोडी खस असली तर वास बी छान येते. ताई तुमच्या वासाच्या मेणबत्तीपेक्षा बरी. आणखी दोन गोष्टी, या मात्र सिरियसली घ्या. टाकी नुसती पाणी फेकून नका भरू, आतून ब्रशनं घासा, डेंगूच्या मच्छराची अंडी पाण्याच्या रेषेवर भितीले चिकटलेली राह्यते अन कोरडी असली तरी कितीतरी महिने मरत नाही, पाणी भेटलं का निघते. मंग दर आठवड्याले एक दिवस पूर्ण कोरडा ठेवून घासायचा. अन दुसरं करंटचं. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, उघडे पाय, दर उन्हाळ्यात आपल्या भागात माणसं जातात याच्यापायी. पाणी टाकायच्या आधी नुसतं बटण बंद नाही, पिन काढायची. अर्थिंग तपासा, अन बोर्डात ३० मिलीअँपिअरवाला आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळला का तो लाइन तोडते

काकाजी: टेस्टरनं पाहून घेतो मी दरसाली

लहान्या (अकोला): टेस्टर पाहता तेव्हा ठीक असते काकाजी, वायर नंतर सोलली जाते. उंदरं हाये घरात

काकाजी: हाव ते हाये

लहानी काकू: आमच्या घरी खिडकी बंद करून कूलर लावते अन मंग म्हणते चिपचिप होते

दादा: समोरचं दार उघडं ठेवायले सांग, हवा बाहेर गेली पायजे. कोंडली का नुसती वाफ. २०१३ च्या मे मधे नागपूरले ४७.९ गेलतं, तेव्हा बी दार उघडं ठेवूनच झोपलो आपण

वैनी: माठ बी आणायचा हाये नवा. जुन्याचं पाणी थंडच होत नाही, छिद्रं बुजली त्याची, कोणीतरी साबणानं घासला. कोणी ते मले माहीत हाये

लहानी काकू: वैनी मी नाही

वैनी: तुले कोण म्हणते बाई. रजया बी काढायच्या, रजया धुवायच्या नसते पोट्टीहो, कापूस आत गोळा होते, दोन दिवस उन्हात उलटून पालटून घाला अन पेटीत निंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवा. वाकळी धुवा, त्या धुतल्या तं चालते. गहू येऊन पडला हाये तो बी कोठीत जायचा हाये, दाताखाली कट् वाजल्याशिवाय भरू नका, ओला भरला का टोका, ते किडे, लागते. अन शाळा सकाळची झाली आता, पोट्टे दुपारी घरीच, तेव्हा हे सारं नऊच्या आत नाहीतर पाचच्या नंतर. दुपारी कोणी बाजेवरून उठायचं नाही, ताक पिऊन पडा

ताई (पुणे): इथे तर दुपारी मीटिंग असतात. बरं मी कामाचं काय आणू सांगा, मेणबत्ती कॅन्सल

वैनी: पडदेच आण. जाड सुती, फिकट रंगाचे, पश्चिमेच्या खिडकीले. ते तुह्या टिपमधलं एकच कामाचं हाये. चार वाजता पूर्ण ऊन सोफ्यावर येते

ताई (पुणे): माप पाठवा मग खिडकीचं

दादा: चार बाय पाच. थांब मोजून सांगतो

वैनी: रॉडपासून खालपर्यंत मोज, नुसती चौकट नको. अन शुक्रवारी बाजारात कोण जाते? ताट्या तीन लागतात एका कूलरले, आमच्या दोन कूलरच्या सहा, काकूच्या तीन. कूलरच्या जाळीचं माप घेऊन जा, मागच्या वक्ती दीड इंच छोट्या आणल्या होत्या अन बाजूनं गरम हवा येत होती साऱ्या मे महिन्यात

लहानी काकू: आमचे जाते शुक्रवारी. चुना बी आणू का दोघींचा, दहा किलो?

वैनी: माह्या स्लॅबचाच वीस लागन. टिनाचा वेगळा. दादाले विचार फेविकॉल किती

दादा: खिडकी ५८ इंच आली रॉडपासून. फेविकॉल मी आणतो, सोमवारी कापसाची गाडी घेऊन जातोच हावो

वैनी: पाहू