मदत हवी आहे: फिनलंडच्या सरोवरांच्या भागात आई-बाबांना कुठे नेऊ?

वेंगुर्लेकर:
नमस्कार मंडळी. आई-बाबा भारतातून येताहेत, त्यांना तळ्यांचा भाग दाखवायचा आहे. चार दिवस आहेत. सायमा या मोठ्या तळ्याकडे जाऊ की कुओपिओ शहरात, ठरत नाहीये. नेटवर सगळीकडे तीच नावं आणि नकाशात बघावं तर एक इकडे, एक तिकडे. हॉटेल आज-उद्या बुक केलं नाही तर हातचं जाईल. जाऊन आलेल्यांनी कृपया लवकर सांगा.

मानसी_एस्पो:
निघणार कुठून? तारखा काय? गाडी आहे का? आई-बाबा किती चालू शकतात? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कल्लावेसीकाठ:
कुओपिओ, डोळे मिटून. हेलसिंकीहून थेट ट्रेन आहे, कुठे उतरून बदलायला नको. पुइयो टेकडीवर 75 मीटरचा मनोरा आहे, वर लिफ्ट जाते. वरून कल्लावेसी तळं आणि त्यातली बेटं दिसतात. पाणी कुठे संपतं आणि जंगल कुठे सुरू होतं ते कळत नाही. खाली बाजारचौकात कलाकुक्को मिळतो, राईच्या पावाच्या आत मासे आणि डुकराचं मांस भरून तासन् तास भाजलेला. आणि धुराचा सौना, म्हणजे धुराने तापवलेली गरम वाफेची खोली, चुकवू नका.

डोंगरयात्री:
माझं ऐका, फिनलंडला आलात तर अगदी उत्तरेचं लॅपलंडच करा. तिथल्या रोव्हानिएमीला जा, ऑरोरा म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश बघा. आई-बाबा आयुष्यभर लक्षात ठेवतील.

सावोवासी:
@डोंगरयात्री, ऑरोराला रात्रीचा काळोख लागतो. लोक उन्हाळ्यात येत असतील तर तिकडे रात्रच होत नाही, दिसणार काय?
@वेंगुर्लेकर, कुओपिओ छान आहे, पण ते शहर आहे. सरोवरांचा भाग म्हणून डोळ्यांपुढे जे येतं ते सायमाकाठचं सावोनलिन्ना. गावच बेटांवर वसलेलं, आणि पाण्यातून सरळ वर आलेला ओलाविनलिन्ना किल्ला, 1475 साली बांधायला घेतलेला. किल्ल्याला लागून जो प्रवाह आहे त्याला इतकी ओढ आहे की कडाक्याच्या हिवाळ्यातही तिथलं पाणी गोठत नाही. पुलावर उभं राहून खाली बघा, भोवरे फिरताना दिसतात.

कल्लावेसीकाठ:
किल्ला बघून झाला की दुपारी काय करायचं? एवढ्याशा गावात चार दिवस म्हणजे माणूस कंटाळतो.

सावोवासी:
कंटाळेल कसा? धक्क्यावरून तास-दीड तासाच्या बोटी सुटतात. पुंकाहार्यू जवळ आहे: दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून सात किलोमीटरची चिंचोळी वाळूची कड, हिमनदीच्या वितळत्या पाण्याने घातलेली, वर उंच पाइन. लुस्तो हे जंगलाचं संग्रहालय तिथेच आहे. केरिमाकीला जगातलं सगळ्यात मोठं लाकडी चर्च आहे, 1847 मध्ये पूर्ण झालेलं.

अवांतर_आजोबा:
त्या चर्चची गंमत माहीत आहे ना? नकाशातली मापं चुकीच्या एककात वाचली, म्हणून ते एवढं मोठं झालं.

सावोवासी:
काका, ती दंतकथा आहे. परिसरातली निम्मी वस्ती एका वेळी आत मावावी असा हिशेब करूनच बांधलंय. बाकांवरच तीन हजारांच्या वर माणसं बसतात.

वेंगुर्लेकर:
सगळ्यांचे आभार, पण अजून ठरत नाहीये. हेलसिंकीहून निघू. गाडी नाही, लायसन्सही नाही. 18 ते 21 जून. आईचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. दोघं शाकाहारी, अंडंही नाही.

मानसी_एस्पो:
थांबा, काहीही बुक करू नका! यंदा 19-20 जूनला युहान्नुस, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण आहे. दिवाळीत जसं पुणं रिकामं होतं तसं इथे सगळे आपापल्या तळ्याकाठच्या कॉटेजवर निघून जातात. दुकानं, हॉटेलांची स्वयंपाकघरं, बसगाड्या, सगळ्यांच्या वेळा बदलतात. गाडी नसताना आई-बाबांना घेऊन त्या दिवसांत अडकू नका. मंगळवार, 23 तारखेपासून जमतंय का बघा. जुलैवर मात्र ढकलू नका, तेव्हा किल्ल्यात ऑपेरा महोत्सव असतो आणि सावोनलिन्नात खोली मिळणं मुश्कील.

प्रवासविमा_माहिती:
शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. घेतलात का?

वेंगुर्लेकर:
व्हिसा, विमा सगळं झालंय. 23 ते 26 जमेल, सुट्टी बदलून घेतो. खाण्याचं काय?

जोएन्सूची_सून:
सावोनलिन्नाच्या बाजारात ल्योर्त्सी मिळते, करंजीसारखी, पण तळहाताहून मोठी आणि चपटी. सफरचंदाची मागा, खिम्याचीही असते, म्हणून नीट विचारून घ्या. करेलियन पिराक्का सुपरमार्केटातही मिळतात: राईची पातळ पारी, आत दुधात शिजवलेला भात. वर अंडं-लोणी लावून देतात, ते नको म्हणून सांगायचं आणि पाकिटावरचे घटक वाचायचे. बाकी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि कुकर सोबत न्या. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा रोज वरण-भात झाला आणि त्या खूश होत्या.

पाणथळ:
सील दिसतील का, हे कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. हिमयुगानंतर जमीन वर उचलली गेली आणि ही सील समुद्रापासून तुटून सायमात अडकली. जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि आहेत त्या जेमतेम पाचशेच्या आसपास. मादी बर्फाच्या ढिगात पोकळी करून पिल्लू घालते. हल्ली बर्फ कमी पडला की स्वयंसेवक फावड्यांनी ढीग रचून देतात. मे महिन्यात त्या खडकांवर ऊन खात पडतात, जूनअखेर दिसणं नशिबावर. तरी लिन्नानसारी राष्ट्रीय उद्यानात जायचं मनावर घ्या.

मानसी_एस्पो:
@पाणथळ, माहिती सुंदर आहे, पण गाडीशिवाय आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते अवघड आहे.
किल्ल्याबद्दल: बुरुजांत दगडी, अरुंद, चढे जिने आहेत. काकूंनी अंगणापर्यंत जावं, बाकी किल्ला बोटीतून बघावा. बोटीतूनच तो जास्त शोभतो.

सावोवासी:
सावोनलिन्नाचा प्रवास असा: हेलसिंकीहून जोएन्सूची ट्रेन, पारिक्कालाला उतरून छोटी रेलबस. एकूण चार-सव्वाचार तास. तीच रेलबस पुंकाहार्यू आणि लुस्तोला थांबते, म्हणजे तो दिवसही गाडीशिवाय निघतो. केरिमाकीचं स्टेशन चर्चपासून लांब आहे, तिकडे गावातून बसने किंवा टॅक्सीने जा.

जोएन्सूची_सून:
पारिक्कालाला उतरणारच आहात तर पुतळ्यांची बाग बघा! वेइयो र‍्योंक्योनेन नावाचा कागद गिरणीतला कामगार होता, 2010 मध्ये गेला. त्याने घराभोवती सिमेंटचे सुमारे 500 पुतळे उभे केले, त्यातले 200च्या आसपास योगासनं करताहेत. शीर्षासन, पद्मासन, सगळं. काहींच्या तोंडात खरे मानवी दात बसवलेत. माझे सासरे रोज योग करतात, ते एकेका पुतळ्यापाशी थांबून आसनाचं नाव सांगत होते.

वेंगुर्लेकर:
बाबा पण करतात!! हे तर बघायलाच हवं. सावोनलिन्ना नक्की केलं, तीन रात्री, स्वयंपाकघरासह खोली बुक झाली. बाग स्टेशनपासून चालत होते का?

जोएन्सूची_सून:
चालत नको, काही किलोमीटर आहे. टॅक्सी आदल्या दिवशीच फोन करून ठरवा, स्टेशनवर उभी असेलच असं नाही, आणि परतीची वेळही त्याच फोनवर सांगून टाका. बाग येताना करा आणि हेलसिंकीची संध्याकाळची गाडी धरा. डासांचं मलम पर्समध्ये वरच ठेवा, झाडीत लागेल.

कल्लावेसीकाठ:
पुढच्या खेपेला कुओपिओ. खोली कुठल्या भागात घ्यायची ते मला विचारा.