गाडी कमी चालते, पण खर्च कमी होत नाही. पैसे नेमके कुठे घालावेत?

धागाकर्ती

चार महिन्यांपूर्वी सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. माझी पहिलीच गाडी. घर ते ऑफिस येऊन-जाऊन आठ किलोमीटर, तेही आठवड्यातून तीनदा. बाकी दिवस ती उभीच असते. चालणं कमी म्हणजे खर्च कमी, असा माझा हिशेब होता. पण पहिल्याच महिन्यात बॅटरी गेली. परवा सर्व्हिसिंगला नेली तर हातात यादी ठेवली: इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन फ्लशिंग, केबिन फिल्टर आणि चारही टायर.

गाडी ३८,००० किमी चालली आहे. टायरच्या खाचा मला तरी चांगल्या खोल दिसतात. यातलं खरंच गरजेचं काय, थांबण्यासारखं काय आणि घरच्या घरी काय करता येईल? घरात कुणालाच गाडीतलं कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, खाचांआधी टायरचं वय बघा. टायरच्या कडेवर 'डीओटी'ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील.

रबर उभ्या उभ्याही कडक होतं. खाच शाबूत असली तरी ओल्या रस्त्यावर पकड कमी झालेली असते. पुष्कळ कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, तीही दरवर्षी तपासून घेण्याच्या अटीवर. कडेवर बारीक भेगा दिसल्या तर वाट बघू नका. स्टेपनीचेही आकडे वाचा, तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

प्रतिसाद २

ही यादी बघून फसवणूक वाटणं साहजिक आहे, पण त्यातली बरीचशी कामं रास्त आहेत. गाडीचे काही भाग किलोमीटरने म्हातारे होतात, काही तारखेने. तुमच्या गाडीला तारीख जास्त लागू आहे.

इंजिन ऑइल आधी घ्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत '१०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' या धर्तीची मुदत असते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन थंड असेपर्यंत त्यातली थोडी, आणि थोडं न जळलेलं पेट्रोलही, ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं की ते उडून जातं. पण चार किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. तापमानाचा काटा वर आला म्हणून फसू नका, तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. ऑइल त्याच्या मागून तापतं. पुस्तिकेत 'खडतर वापर' असा भाग असेल तर वाचा, त्यात लहान फेऱ्या बहुधा असतातच. ऑइल वर्षाच्या आत बदला, आणि तुम्हाला हात सैल सोडायचा असेल तर इथे सोडा.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत घसरू शकतो. मग लांबच्या उतारावर सतत ब्रेक मारताना त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून आत जातं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलतात. आधी कधी बदललं याची नोंद नसेल तर विचार न करता बदला.

कूलंटची मुदत प्रकारावर असते, पुस्तिकेत बघा. मात्र दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका आणि इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण कधीच उघडू नका.

फ्लशिंगला, म्हणजे इंजिन आतून धुण्याला, नाही म्हणा. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते. केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, पाच-दहा मिनिटांत स्वतः बदलता येतो.

प्रतिसाद ३

रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, बॅटरी उतरत नाही. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

प्रतिसाद ४

वरच्या सल्ल्याशी असहमत, आणि आदरानेच सांगतो. इंजिन सुरू करणारा स्टार्टर बॅटरीतून एका झटक्यात पुष्कळ वीज ओढतो. जागेवर इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं जनित्र, ती हळूहळू भरतो, आणि दिवे-पंखा चालू असतील तर आणखी कमी. त्यात इंजिन अर्धवटच तापतं, म्हणजे वर सांगितलेला ऑइलचा त्रास रोज नव्याने.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या. बॅटरी भरते, ऑइल तापतं, ब्रेकच्या चकत्यांवरचा गंज घासला जातो आणि टायर एकाच जागी दबून राहत नाहीत.

व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. तुमची बहुधा अशीच गेली असेल. डॅशकॅम सतत जोडलेला असेल तर तोही तपासा.

प्रतिसाद ५

पेट्रोल घेतली हे फार बरं केलंत. माझ्या बहिणीने अशाच वापरासाठी डिझेल घेतली होती. काजळी पकडणारा फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा आत सुमारे ६०० अंश उष्णता लागते, आणि लहान फेऱ्यांत ती होतच नाही. फिल्टर दोनदा तुंबला, शेवटी गाडी विकावी लागली.

धागाकर्ती

आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. तीन टायर गाडीच्याच वयाचे आहेत आणि दोघांच्या कडेवर भेगा आहेत. चौथा तीन वर्षांनी नवा आहे, स्टेपनी मूळचीच. ब्रेक ऑइलची नोंद कुठेच नाही. एकदम एवढं करणं जड आहे, आधी काय करू?

प्रतिसाद ६

आधी ब्रेक ऑइल आणि दोन नवे टायर. नवे टायर मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागचं चाक घसरलं तर गाडी फिरते, आणि नवख्या हाताला ती सावरता येत नाही. चौथा टायर आणि उरलेल्या जुन्यातला भेग नसलेला पुढे ठेवा, तो जुनाही या वर्षातच बदला. तेव्हा पुढे दोन्ही नवे घालून चौथा स्टेपनीला टाका, माप तेवढं जुळतंय ना बघा. हवा थंड टायरमध्ये भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या, टायरवर छापलेला नको. ती कमाल मर्यादा असते.

पैशांचं म्हणाल तर वर्षभराचा विमा, ऑइल, टायर, बॅटरी असा सगळा अंदाज काढून बाराने भागा आणि तेवढे दरमहा बाजूला टाका. मी वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहितो. दुसऱ्या वर्षापासून खर्च आधीच दिसू लागला. बारीक ओरखड्यासाठी विमा मागू नका, पुढच्या हप्त्यातली सवलत जाते. कमी चालणाऱ्या गाडीला किलोमीटरप्रमाणे हप्ता लावणारा विमा तुमच्याकडे मिळतो का, हेही विचारा.

धागाकर्ती

सोमवारी ब्रेक ऑइल आणि दोन टायरची वेळ घेतली. इंजिन ऑइल त्याच दिवशी, फ्लशिंग नाही असं सांगून ठेवलंय. केबिन फिल्टर आज मीच काढून बघितला, काळाकुट्ट होता. वहीचं पहिलं पान लिहिलं. रविवारी सकाळी पाऊण तास गाडी बाहेर काढते, आणि परत आल्यावर रात्रभर ठेवून मल्टिमीटरचा आकडा इथेच टाकते.