जबडा ‘कट्ट’ वाजतो: बी-विंग ग्रुप, रविवार

देशपांडे काकू (३०२): काल रात्री ‘जबडा एका झटक्यात बसवा’ हा व्हिडिओ ज्यांनी टाकला, त्यांनी कृपया तो काढावा. सूनबाईनं बघून तसंच दाबलं. आज पोहेसुद्धा चावता येत नाहीयेत तिला.

देव काका (१०१): मीच टाकला होता वहिनी. फॉरवर्ड होता. कोणी सक्ती केली नव्हती.

देशपांडे काकू: लिफ्टच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात भाऊजी.

पानसे काका (२०१): ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीनं शेका. हमखास गुण.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको. विनंती 🙏

रिया (४०१): काकू, वहिनींना आता अजिबात दाबू देऊ नका. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं, तो जबड्याचा सांधा. आत कूर्चेची चकती असते, ती सरकली की कट्ट वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल तर बहुतेकदा काही करावं लागत नाही.

जोशी (३०४): आमच्या घरी दिवसभर बोलणं चालू, तरी जबडा ठणठणीत 😄

सौ. जोशी: घरी या.

देशपांडे काकू: हसण्यावारी नेऊ नका हो. सकाळी उठल्यावर तिची कानशिलं ठणकतात. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं, कानात काही नाही म्हणाले.

रिया: मग रात्री दात खाते का, ते नितीनदादाला विचारा.

नितीन (३०२): खाते. मला जाग येते त्या आवाजानं.

पानसे काका: ओव्याचा शेक.

रिया: शेक चांगलाच आहे काका. पण सोबत मऊ खिचडी, दलिया; च्युइंगगम बंद; जांभई आली की हनुवटीखाली मूठ. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतला हॉट डॉग सध्या नको, एवढा मोठा ‘आ’ करायचाच नाही. एरवी दोनेक आठवडे बघितलं असतं, पण चावताच येत नाही म्हणजे उद्याच दाखवा.

२०४: गेटसमोर ॲक्टिव्हा कोणाची? दूधवाला अडकलाय.

नितीन: एके ठिकाणी थेट एमआरआय आणि दात मशीननं झिजवून वरखालच्या दातांची जुळणी बदलायला सांगितलंय.

रिया: दादा, झिजवलेला दात परत येत नाही, एवढ्यात हो म्हणू नका. आधी हातानं तपासतात, तोंड किती उघडतं ते मोजतात. हाडासाठी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. एमआरआय चकतीसाठी, तोंड अडकत असेल किंवा फरकच पडत नसेल तेव्हा. रात्री दातांवर घालायची गार्ड चालेल, ती काढता तरी येते.

सौ. जोशी: घाई कधी करायची, ते सांग ना बेटा.

रिया: जांभईनंतर तोंड मिटेना, पडून मार लागल्यावर दात जुळेनात, सूज आणि ताप, तर त्याच दिवशी. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, चावताना जबडा दमणं, नजर धूसर होणं असेल तर फिजिशियनकडे तातडीनं, दृष्टी जाऊ शकते. आणि जबड्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर दाताच्या डॉक्टरकडे नाही, सरळ १०८ लावा.

पानसे काका: ओव्यानं नुकसान तर नाही ना?

सेक्रेटरी: पानसे साहेब, पोचलं सगळ्यांना 🙏

रिया: सगळ्यांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून बघा, तोंडात मावली पाहिजेत.

देव काका: माझी दोनच मावतात. दुखत काही नाही. तिखट मात्र फार झोंबतं.

रिया: काका, सुपारी?

देव काकू: अडकित्ता खिशातच असतो यांच्या.

रिया: मग सांध्याचं नसावं हे. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, कडक होतं, तोंड हळूहळू कमी उघडतं. पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. काका, उद्या चला माझ्याबरोबर, सरकारी डेंटल कॉलेजात, एमवाय हॉस्पिटलजवळ.

देव काका: एवढ्यासाठी?

देशपांडे काकू: भाऊजी, जा हो. आमची गाडी निघतेच आहे सकाळी, सूनबाईबरोबर बसा मागे.

देव काकू: येतील ते. सुपारीचा डबा मी काढून घेतलाय.

रिया: साडेआठला खाली या सगळे. ओपीडीचा कागद काढायला वेळ लागतो. बीपीची गोळी नेहमीसारखी घेऊनच निघा काका.