मदत हवी आहे: थंडीत खाणे सोडलेले कासव झोपले आहे की आजारी आहे?

नमस्कार. आम्ही परभणीत राहतो. परदेशी नोकरीला जाताना भाच्याने त्याचे सुलकाटा जातीचे आफ्रिकन कासव जूनमध्ये आमच्या स्वाधीन केले. वय तीन वर्षे, पाठीची लांबी साधारण 18 सेंटिमीटर. (आपल्याकडचे स्टार कासव पाळणे गुन्हा आहे हे ठाऊक असल्याने आल्या दिवशीच मी त्याच्या पाठीवर चांदण्या आहेत का, हे दोनदा निरखून पाहिले.)

पावसाळाभर ते अंगणातली हरळी आणि जास्वंदीची पाने आवडीने खात असे. थंडी वाढू लागली तसे खाणे कमी झाले आणि गेल्या अकरा दिवसांत त्याने कशालाही तोंड लावलेले नाही. दिवसभर गोणपाटाखाली मान आत ओढून बसते. महिन्याच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या काट्यावर 1,180 ग्रॅम भरले होते, आज 1,130 भरले. रात्री खोलीत 14 अंश असतात, शहाबादी फरशी तर त्याहून गार लागते.

सासरे म्हणतात की, बेडूक जसे मातीत जातात तसे हेही झोपले आहे, उठवू नये. युरोपातले लोक कासवांना 5 अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवून शीतनिद्रा देतात असे वाचून मी आणखी गोंधळले, कारण ती माहिती भूमध्य सागराकडच्या जातींची होती. सध्या रात्रभर 60 वॅटचा पिवळा दिवा लावते आणि सकाळी बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात दोन तास ठेवते. काही तरी पोटात जावे म्हणून काकडी, टोमॅटो, कुस्करलेली पोळीही देऊन पाहिली. त्याला असेच झोपू द्यावे का? नसेल, तर वीज वारंवार जाणाऱ्या घरात ऊब टिकवायची कशी?

प्रतिसाद

ताई, ही शीतनिद्रा नव्हे. सुलकाटा सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे कासव आहे, कडक ऊन आणि कडक थंडी टाळायला ते खोल बिळात शिरते, पण भूमध्य सागराकडच्या कासवांसारखे महिनोन्‌महिने झोपत नाही. तुमचे कासव गारठले आहे. गारठलेल्या कासवाच्या पोटातले अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर खाणे, हा क्रम मोडू नका.

एक मोठी लाकडी पेटी घ्या, तळाशी वाळलेले गवत जाड पसरा आणि थर्माकोल बाहेरून लावा, आतून लावल्यास ते कुरतडून खाईल. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाला) जोडून वर टांगा. दिवसा एका कोपऱ्यात 35 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला 26 ते 28 आणि रात्री 22च्या खाली नको. रात्रभरचा दिवा त्याला झोपू देत नाही, तो बंद करा. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी मात्र कधीही नको. काचेतून ऊब येते, पण हाडांना आणि पाठीला लागणारे अतिनील किरण काच अडवते, त्यामुळे दुपारी हवा तापल्यावर त्याला अंगणातच न्यावे, सावलीची जागा ठेवून. रोज हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे.

पोळी कायमची बंद करा. मुख्य खाणे हरळी आणि वाळलेले गवत, जोडीला जास्वंद आणि काटे काढलेला निवडुंग. लसूणघासात प्रथिने जास्त, म्हणून थोडाच. पालक रोज नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा (कटलफिश या सागरी जिवाच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा पेटीत ठेवा, हवे तेव्हा कुरतडेल. कोवळी ज्वारी खाऊन आपल्याकडे जनावरे दगावतात, ती कासवालाही नको, आणि कापूस-सोयाबीनच्या बांधावरचे गवत फवारणीमुळे आणू नका.

नाकातून बुडबुडे येत असतील किंवा मान ताणून तोंड उघडून श्वास घेत असेल, तर फुप्फुसांचा संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवा. एरवीही अकरा दिवसांचा उपास आहे, तेव्हा तुमच्याच शहरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन या. 2024च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर (पोर्टलवर) नोंदणी लागते, ती भाच्याने केली होती का, तेही विचारा.

धागाकर्ती

मनापासून आभार. हीटर लावून आज चौथा दिवस. डॉक्टरांनी तपासले, छाती मोकळी आहे, तूर्त औषध नाही. काल पाण्यात बसवल्यावर विष्ठा झाली आणि आज सकाळी जास्वंदीची तीन पाने खाल्ली. वजन अजून 1,130 वरच आहे. नोंदणी झालेली नाही आणि भाच्याकडे खरेदीची पावतीही नाही. पोर्टलवर तिच्या जागी काय जोडावे, हे कोणी सांगू शकेल का?