शॉपिफाय घ्या आणि मोकळे व्हा म्हणे! हिशोब कोण करणार?

सुटे_पैसे
परवा इथेच एका भल्या माणसाने लिहिलं, "छोट्या धंदेवाल्यांनी डोळे झाकून शॉपिफाय घ्यावं, वूकॉमर्स म्हणजे विकतचं दुखणं." दोन्ही ऑनलाइन दुकान चालवायची साधनं: शॉपिफाय महिन्याच्या भाड्याने मिळतं, वूकॉमर्स आपल्या वर्डप्रेस साइटवर आपणच बसवायचं. खाली लोकांचे अंगठ्यावर अंगठे. डोळे झाकून? पोळपाट घ्यायला आपण चार दुकानं फिरतो.

आमचं मसाल्यांचं आहे. गोडा, कांदा-लसूण, मेतकूट. ऑर्डर सरासरी पाचशेची. भारतात शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट नाही, म्हणजे बाहेरचा गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात टाकणारी कंपनी, लावायलाच लागतो, आणि बाहेरचा लावला म्हणून बेसिक प्लॅनवर ते २ टक्के वेगळे कापतात. गेले १० रुपये. गेटवेचे २ टक्के धरा, अजून १०, त्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ रुपया ८०. पाचशेमागे २१ रुपये ८० पैसे. महिन्याला ३०० ऑर्डरी असल्या तर नुसत्या त्या जादाच्या २ टक्क्यांचे ३,००० झाले, वर महिन्याचं भाडं दीड-दोन हजार, वर प्रत्येक बारक्यासारक्या गोष्टीला वेगळं अ‍ॅप आणि त्याचंही भाडं. वूकॉमर्स फुकट, होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, महिन्याला पाचशेच्या आत, आणि डेटा आपल्या घरात. आता सांगा दुखणं कुठलं ते.

फराळवाली_नाशिक
दादा, हिशोब बरोबर आहे तुमचा. आता माझा ऐका.

मी पण वूकॉमर्सवरच होते, दोन वर्षं. वसुबारसच्या आदल्या रात्री पेमेंटचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेलं जादाचं सॉफ्टवेअर, आपोआप अपडेट झालं. चेकआउट दाबलं की नुसतं चक्र फिरायचं. साइट करून देणारा मुलगा दिवाळीला गावी गेलेला, फोन बंद. होस्टिंगवाले चॅटवर "कॅशे क्लिअर करा" याच्या पुढे जाईनात. १४ जणांचे पैसे कटले आणि माझ्याकडे ऑर्डर नाही. एका हाताने भाजणीच्या चकल्या तळतेय आणि दुसऱ्या हाताने लोकांचे स्क्रीनशॉट जुळवतेय, पहाटे चारपर्यंत. एक घाणा करपला त्यात. सासूबाई म्हणाल्या, ते कॉम्प्युटर बंद कर आणि आधी कढईकडे बघ.

पाडव्यानंतर शॉपिफायवर गेले. तुमचे ते ३,००० मी झोपेचे म्हणून देते.

सुटे_पैसे
दिवाळीच्या तोंडावर ऑटो अपडेट चालू ठेवायचंच कशाला ताई? आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या कॉपीवर, टेस्ट करायचं, मग लाइव्ह. यात वूकॉमर्सचा काय दोष?

फराळवाली_नाशिक
स्टेजिंग! पीठ भिजवू की स्टेजिंग करू?

कोडकरी
मी हीच कामं करतो, दोन्हींवर करतो, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायची नाहीये. पण धागाकर्त्याच्या हिशोबात एक चूक आहे. शॉपिफायचे ते जादा २ टक्के कॅश ऑन डिलिव्हरीच्या (सीओडी, वस्तू दारात आल्यावर पैसे) ऑर्डरवर लागत नाहीत, ती मॅन्युअल पेमेंटमध्ये धरतात. तुमच्या निम्म्या ऑर्डरी सीओडी असतील तर ३,००० चे १,५०० झाले.

आणि "डेटा आपल्या घरात" म्हणताय, तर शेवटचा बॅकअप कधी घेतलात ते पण लिहा.

सोलापुरी_चादर
सीओडीचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचत होतो. प्लॅटफॉर्म गेला चुलीत. मागच्या श्रावणात ६२ पार्सलं सीओडीने पाठवली त्यातली १९ परत आली, जायचं भाडं मीच भरायचं यायचं पण मीच भरायचं, आणि चादर परत येते ती अशी चुरगळून की पुन्हा इस्त्री पुन्हा पॅकिंग. एका गिऱ्हाइकाने दारात आलेल्या पोराला सांगितलं, "आज अमावस्या आहे, नवीन वस्तू घेत नाही." दुसऱ्याचा पत्ता काय, तर "मारुतीच्या देवळामागे, कुणालाही विचारा". गावात मारुती तीन! २ टक्क्यांवर कसले भांडताय.

तिरकस_काका
गिऱ्हाइकालाच शिव्या घाला तुम्ही. फोटोत पैठणी बघून लोकांनी पैसे भरले आणि घरी पॉलिस्टर आलं, असं किती जणांचं झालंय ते विचारा जरा. आमच्या हिच्याच बाबतीत झालं. दुकानदाराचा फोन लागेना आणि साइटवर पत्ता नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव आणि नंबर साइटवर टाकायला लागतो. किती जणांनी टाकलाय इथे? मग लोक वस्तू हातात पडल्याशिवाय पैसे देत नाहीत यात चुकलं काय त्यांचं?

सोलापुरी_चादर
काका, पॉलिस्टर मी नाही पाठवलं. दुसऱ्याच्या पापाची शिक्षा मला का? १९ पार्सलांचं भाडं तुम्ही भरणार का?

तिरकस_काका
आवाज खाली. मी ३० वर्षं दुकान चालवलंय. उधारी बुडवणारे पाहिलेत, पण म्हणून शटर नाही लावलं.

सोलापुरी_चादर
दुकानात माणूस समोर असतो हो! इथे नाव "राजा", नंबर बंद आणि पिनकोड दुसऱ्या जिल्ह्याचा.

कोडकरी
शांत व्हा दोघं. सीओडीला १०० रुपये आधी यूपीआयने घ्या, बाकीचे दारात. ज्याला खरंच घ्यायचंय तो शंभर भरतो. दोन्ही प्लॅटफॉर्मवर जमतं हे. शॉपिफायवर अ‍ॅप लागेल, वूवर प्लगइन.

सुटे_पैसे
अ‍ॅपचं भाडं धरलंत का?

कोडकरी
धरलं. तुम्ही डेव्हलपरचं धरलंय का?

फराळवाली_नाशिक
सीओडी मी बंदच केली. ऑर्डरी सुरुवातीला तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्या, खोटं कशाला बोलू. पण परत आलेली चादर इस्त्री करून विकता येते, परत आलेल्या चकलीचं काय करायचं? दहा दिवस फिरून आलेला डबा उघडला तर आत भुगा. तो काय पुन्हा विकायचा?

आणि मला दोन टक्क्यांपेक्षा जास्त कशाने मारलं माहितीये? चिवड्याने. एक किलो चिवडा फुगून बसतो. खोका ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचा. कुरिअरवाला लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून ५,००० ने भागतो, म्हणजे १५,००० भागिले ५,०००, तीन किलो. चिवडा एक किलो आणि बिल तीन किलोचं. दीड वर्ष मी हवेचं भाडं भरत होते आणि शॉपिफायच्या साइटवर वजन भरलेलं एक किलो, म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतेय एक किलोचंच. चूक माझीच. पण कुणी सांगितलंच नाही, सगळे थीमचा रंग कुठला ते सांगत होते.

तिरकस_काका
हे मात्र कामाचं बोललात. बाकी माझं मत, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग टाका, खाली क्यूआर लावा, यूपीआय फुकट. कार्ट-बिर्ट कशाला? मजेंटो १ म्हणून असंच ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर होतं, त्याचा सपोर्ट जून २०२० ला संपला, तेव्हा त्यावर लाखांनी ओतलेले लोक लॉकडाउनमध्ये नवीन साइट बांधत बसले होते. आज जे थोर म्हणताय तेही उद्या जाणारच.

कोडकरी
काका, रोजच्या दहा ऑर्डरींपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप चालतं. तिसाव्या ऑर्डरीला कोण कुणाचा स्क्रीनशॉट ते कळत नाही. वर लिहिलंय ना ताईंनी, १४ जणांचं. ते रोज करणार का?

तिरकस_काका
करू नका. माझं काय जातंय.

सुटे_पैसे
बरं बाबा, घ्या. सीओडीवर २ टक्के लागत नाहीत हे मला माहीत नव्हतं, हिशोब चुकला, सगळ्यांनी पेढे वाटा. आमची सीओडी निम्मी नाही, साधारण तीस टक्के आहे, तरी जादाचे २,१०० होतातच, ते मी सोडत नाही.

आणि डेव्हलपरचं विचारलंत ते लागलं जरा. साइट भाचा बघतो. रविवारी येतो, जेवतो, अपडेट मारतो, बॅकअप पण तोच घेतो. म्हणजे घेत असावा. त्याचा पगार मी शून्य धरला होता. जूनमध्ये तो नोकरीला बंगळूरला चाललाय.

तरी शॉपिफाय घेणार नाही. निदान लगेच तरी नाही.

ताई, तो चिवड्याचा नवीन खोका कितीचा केलात? आमचं मेतकूट पण फुगतंच.

फराळवाली_नाशिक
आता २५ बाय २० बाय १५ चा, म्हणजे दीड किलो लागतं. पाव-पाव किलोची चार पाकिटं करते, आडवी बसतात. खोकेवाल्याचा नंबर पाठवते मेसेजमध्ये. पैसे आधी टाका, तो पण सीओडी घेत नाही.